साडेसहा फुटांचं दार

सकाळी ६.३०, प्रयाग चिखली

मेस्त्री ट्रॅक्टरकडं वळलेच नाहीत. मोटारसायकल स्टँडला लावली, डिकीतून टेप काढली आणि थेट आबांच्या शेडच्या दारात जाऊन उभे राहिले. "आबा, आधी दार मोजूया. ट्रॅक्टर काय, हाईच की."

उंबऱ्यापासून लिंटलच्या खालच्या कडेपर्यंत साडेसहा फूट भरलं. अंगणातल्या मॅसी फर्ग्युसन १०३५ च्या सायलेन्सरचं टोक जमिनीपासून सात फुटांवर. फरक सहा इंचांचा, आणि या सहा इंचांपायी ट्रॅक्टरनं अख्खा पावसाळा उघड्यावर काढला. सायलेन्सरच्या तोंडावर पालथा घातलेला तेलाचा पत्र्याचा डबा अजून तसाच होता. असा डबा गावोगाव दिसतो आणि त्याला कारण आहे. उभ्या पाईपातून पावसाचं पाणी खाली उतरतं, मॅनिफोल्डमध्ये साठतं, आणि इंजिन थांबताना ज्या सिलेंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल, तिथून पिस्टनच्या डोक्यावर जातं. रिंगा गंजतात, लायनर खराब होतो. पाणी जास्त साठलं असेल आणि कुणी तसाच स्टार्टर मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही.

दार बांधलं तेव्हा सात फूट दोन इंच होतं. ट्रॅक्टर आत जात होता, सायलेन्सर आणि लिंटलमध्ये दोन बोटं जागा राहत होती. मग गल्लीतला रस्ता सिमेंटचा झाला आणि वर आला. पावसाचं पाणी रस्त्यावरून शेडमध्ये उतरायला लागलं, म्हणून आबांनी आत आठ इंच भर घालून कोबा करून घेतला. दार तेवढंच राहिलं, जमीन वर आली.

चिखली हे पाण्याचं गाव. कुंभी, कासारी, तुळशी आणि भोगावती इथं एकत्र येतात, गुप्त सरस्वती धरून पाच मोजतात, आणि इथून पुढं नदीचं नाव पंचगंगा होतं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही पंचगंगेची धोक्याची पातळी. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही सालांत पाणी तिच्याही बरंच वर गेलं. चिखली-आंबेवाडीच्या लोकांना जनावरांसकट घरं सोडावी लागली. त्या अनुभवानंतर आबांनी शेडवर पक्का माळा बांधला. धान्य, पंपाची मोटर, खताची पोती, सगळं पाणी चढायच्या आत वर न्यायला. त्या माळ्याचा भार त्याच लिंटलवर आहे.

"गवंडी म्हणतोय, लिंटल फोडून वर घेऊ," आबा म्हणाले.

मेस्त्रींनी वर माळ्याकडं बघितलं आणि मान हलवली. "लिंटलला हात लावू नगा. वर माळा हाय. सहा इंचासाठी घर हलवायचं न्हाई."

कोबा उकरून खाली घ्यावा तर पाणी आणखी आत. रस्ता तर आपल्या हातातच नाही. रस्ता, कोबा आणि माळा, तिन्ही कामं ज्या त्या वेळी योग्यच होती, आणि तिन्हींनी मिळून दार कोंडीत धरलं होतं. राहता राहिला सायलेन्सर.

सकाळी ७.१५

मला वाटलं मोजणी संपली. ती आता सुरू झाली.

मेस्त्रींनी गवंड्याची पाण्याची नळी मागवली. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक उंबऱ्यावर आणि दुसरं रस्त्याच्या कडेला धरलं. रस्ता उंबऱ्यापेक्षा नऊ इंच वर. मधला उतार पाच फुटांचा. ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर सुमारे सहा फूट. हे सगळे आकडे त्यांनी खडूनं शटरवरच लिहिले, आणि शेजारी एक रेघ ओढून तिच्यावर दोन चाकं काढली.

सपाट जमिनीवर मोजलेली उंची इथं कामाची नाही. ट्रॅक्टर तोंडानं आत शिरतो तेव्हा पुढची चाकं उंबऱ्यावर खाली असतात आणि मागची अजून वर रस्त्यावर. गाडी पुढं झुकते, आणि पुढच्या आसाच्या थोडं मागं उभा असलेला सायलेन्सर सपाटीपेक्षा जवळजवळ इंचभर वर येतो. रिव्हर्स घेऊन आत घातला तर आणखी वाईट. सायलेन्सर लिंटलखाली येतो तेव्हा मागची चाकं आत कोब्यावर असतात, पुढची अजून उतारावर वर, आणि टोक पावणेदोन-दोन इंच वर चढतं. म्हणजे सहा इंच कापून भागणार नाही. रिव्हर्सचे दोन धरायचे, टायरमधली हवा, इंजिनची थरथर, कोब्याचा चढउतार यांसाठी आणखी दोन-तीन.

टेप घेऊन फक्त ट्रॅक्टर मोजणारा कारागीर इथं फसला असता. उंची ट्रॅक्टरची नसते, ट्रॅक्टर त्या उतारावर असतानाची असते. हे मेस्त्री कुठल्या पुस्तकात शिकले नाहीत. पण शटरवरची ती रेघ आणि दोन चाकं बघून इंजिनिअरिंग कॉलेजातला मुलगाही हाच हिशेब मांडेल, हे मला तिथंच कळलं.

मग त्यांनी आबांना सीटवर बसवलं आणि डोक्याची उंची घेतली. सव्वासहा फूट. "हे बगा आबा. सायलेन्सर आपटला तर पाईप वाकंल. डोस्कं आपटलं तर?" जुन्या ट्रॅक्टरला ना छत, ना संरक्षक कमान. सायलेन्सर सोडला तर बसलेल्या माणसाचं डोकं हाच सगळ्यात उंच भाग असतो, आणि रिव्हर्स घेताना तोच माणूस मान वळवून मागं बघत असतो. सगळे सायलेन्सरकडं बघत होते, तेव्हा मेस्त्रींनी माणूस मोजला. त्यांच्याविषयीचा माझा आदर त्या क्षणी वाढला, तो दिवसभर वाढतच गेला.

सकाळी ८.३०, रस्त्यावर

आबा ट्रॅक्टर घेऊन पुढं, आम्ही मागं. आंबेवाडीवरून शिवाजी पूल ओलांडून कोल्हापुरात. दिवाळी आठ दिवसांवर होती. ती झाली की कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि मग मार्चपर्यंत या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांशिवाय काही दिसत नाही. ट्रॅक्टरचं जे काम असेल ते आत्ताच उरकायचं.

सकाळी ९, शिवाजी उद्यमनगर

उद्यमनगरच्या गल्ल्या या वेळी पूर्ण जाग्या असतात. एका शटरमध्ये लेथ, दुसऱ्यात मोटर रिवाइंडिंग, तिसऱ्यात गिअर कापायचं मशीन, चौथ्यात नुसते बेअरिंग आणि ऑइल सील विकणारा. ट्रॅक्टरचा कुठलाही भाग घेऊन या गल्लीत शिरा, तो दुरुस्त होऊन नाहीतर नवा बनून बाहेर येतो.

हे गाव यंत्राच्या नादाला लागलं ते पाणी आणि ऊस यांच्यामुळं. नदीचं पाणी उचलून शेतात न्यायला इंजिन हवं, उसाचा रस काढायला घाणा हवा, गुऱ्हाळ चालवायला इंजिन हवंच. इंजिन आलं की ते बिघडणार, बिघडलं की कुणीतरी उघडून बघणार. उघडून बघणाऱ्यांनी पुढं स्वतःच इंजिनं ओतली. राजर्षी शाहूंनी १९०६ मध्ये कापड गिरणी उभी करून कारखानदारीला जमीन तयार केली, आणि पुढं म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार अशा माणसांनी कारागिरांचं एक घराणंच उभं केलं. त्यांची नावं इथं अजून आदरानं घेतात. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत देशभरच्या वाहनांचं आणि ट्रॅक्टरचं ओतकाम होतं. पण मोठ्या फाउंड्रीला एक नग करायला परवडत नाही. एक नग, एका दारासाठी, एका माणसाच्या डोक्याच्या उंचीनं करायचा असेल, तर तो अशाच दहा बाय वीसच्या गाळ्यात होतो. या गाळ्यांवर लिहिलं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

सकाळी ९.३०

मॅनिफोल्डच्या तोंडाशी सायलेन्सर धरणारे नट सोडवायचे होते. गाळ्यात शिकणारा पोरगा कळंब्याच्या आयटीआयमधून आलेला, हातात रिंग पाना घेऊन तो पुढं झाला. मेस्त्रींनी त्याला थांबवलं.

"किती वर्षं तापलंय ते. असं एका झटक्यात येणार व्हय?"

एक्झॉस्टचे स्टड हे ट्रॅक्टरमधले सगळ्यात हट्टी स्टड. भरल्या भारावर इथलं तापमान काही शे अंश सेल्सिअसवर जातं, मग थंड होतं, मग परत तापतं. वर पाऊस, आत काजळी. नट आणि स्टड एकमेकांत गंजून एकजीव होतात. जोर लावला तर नट निघत नाही, स्टड तुटतो, तोही मॅनिफोल्डच्या अंगाबरोबर. मग ड्रिल, मग टॅप, मग अर्धा दिवस.

म्हणून आधी तारेच्या ब्रशनं काजळी साफ. मग डिझेल आणि तेलाचं मिश्रण नटांवर सोडून चहा. चहानंतर हातोडीनं नटाच्या कडांवर हलके ठोके, जोराचे नाहीत. मग गॅसची ज्योत फक्त नटावर फिरवली, स्टडवर नाही. नट तापून फुगतो, स्टड तुलनेनं थंड राहतो आणि मधला गंज सुटतो. लालसर रंग आला तसा पोरानं पाना लावला. पाव वळसा सोडला, त्यातला अर्धा परत आवळला, परत सोडला. नट कुरकुरत बाहेर आला. दुसराही आला. तिसऱ्याला अर्धा तास लागला, पण अखंड आला.

तिन्ही स्टड वाचले तेव्हा मेस्त्रींनी पोराच्या पाठीवर हात ठेवला. इथं शाबासकी अशीच मिळते.

सकाळी ११

सायलेन्सर बाजूला, आणि मॅनिफोल्डचं तोंड उघडं. कडेला केसाएवढी चीर दिसली. मेस्त्रींनी तिच्यावर रॉकेलचा बोळा फिरवला, पुसला, वर खडू घासला. थोड्या वेळानं खडूवर काळी रेघ उमटली, बोटभर लांब. बिडाचं वेल्डिंग हे वेगळंच प्रकरण. बीड ठिसूळ. साध्या रॉडनं एका जागी तापवलं तर थंड होताना शेजारी नवी चीर पडते. सगळा भाग आधी सारखा गरम करायचा, मग निकेलच्या रॉडनं छोटे छोटे टाके, प्रत्येक टाक्यानंतर हलकी ठोक, आणि शेवटी राखेत पुरून सावकाश थंड होऊ द्यायचा. मेस्त्रींनी चीर आहे तिथंच थांबवायचं ठरवलं. टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे चीर पुढं सरकत नाही, आणि तेवढ्यापुरतं पितळ भरलं. "नवा मॅनिफोल्ड मिळंल तवा घाला. तोवर ह्यो चालंल."

पितळ थंड होईतो बाकड्यावर खरी चर्चा झाली. दाराचं काय करायचं?

आबांचा पहिला विचार सरळ होता: वरचा पाईप कापून टाका. कापून टाकला तर टोक येतं नेमकं चालवणाऱ्याच्या नाकाच्या उंचीला. दिवसभर नांगरट करताना वारा समोरून असला की डिझेलचा धूर थेट तोंडात. उभा सायलेन्सर उंच असतो तो याचसाठी. तो धूर डोक्यावरून नेतो आणि आवाजही वर सोडतो.

दुसरा विचार मीच मांडला: खालून न्या, पायाखालून मागं. हे नवं काही नाही. या मॅसीचं मूळ हॅरी फर्ग्युसनच्या टीई-२० मध्ये आहे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात ते पाच लाखांवर बनले, आणि त्यांचा एक्झॉस्ट बहुधा खालूनच मागं जायचा, उभा पाईप ज्याला हवा त्याला मिळायचा. फर्ग्युसनचा वारसा पुढं मॅसी फर्ग्युसनकडं गेला, १९६० मध्ये मद्रासला टॅफे निघाली आणि तिथून ही लाल मॅसी आपल्याकडं शेतोशेती पोचली. तेव्हा खालचा एक्झॉस्ट या घराण्याला परका नाही.

मेस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि खोडव्यात पाचट किती असतंय?"

त्या प्रश्नातच उत्तर होतं. इंग्लंडच्या ओल्या गवतात जे चालतं ते कोल्हापूरच्या उसात चालत नाही. तोडणी झाली की रानात वाळलेल्या पाचटाचा जाड थर राहतो. पूर्वी तो पेटवून द्यायचे. आता जमिनीचा कस राखायला बरेच जण पाचट रानातच ठेवतात, कुट्टी करतात, आणि त्यावरूनच ट्रॅक्टर फिरतो. तापलेला पाईप त्या थराच्या वीतभर वर असणं म्हणजे आगीला बोलावणं. पाचट पेटलं की वाऱ्याबरोबर शेजारच्या उभ्या उसात जातं. शिवाय भातखाचरात चिखलणी करताना खालचा पाईप पाण्यातच बुडणार. माझा प्रस्ताव तिथंच संपला, आणि तो संपला हे चांगलं झालं.

तिसरा मार्ग सगळ्यांच्या मनात होता: वरचा पाईप काढता-घालता करायचा. संध्याकाळी काढायचा, सकाळी घालायचा. यावर मेस्त्रींचा अनुभव पक्का होता. "काढलेला पाईप आठ दिवस घालतात. नवव्या दिवशी कोपऱ्यात राहतोय. मग बुडक्यावरच गाडी. धूर तोंडावर, आणि मग म्हणायचं, मेस्त्रीनं काम बिघडवलं."

त्यांना असं काहीतरी हवं होतं, जे विसरलं तरी माणसाचं नुकसान होणार नाही.

दुपारी १२.३०

त्यांनी पोराला विचारलं, "पाईप पंचेचाळीस अंशात कापला आणि वरचा तुकडा अर्धा वळसा फिरवला, तर काय होतंय?"

पोरानं हवेत हात फिरवून बघितला आणि हसला. उभा पाईप तिरका कापला की कापाचं तोंड लंबगोल होतं. लंबगोल अर्धा वळसा फिरवला तरी परत स्वतःवरच बसतो. पण वरचा तुकडा आता उभा राहत नाही, आडवा होतो. एकच काप, दोन जागा. कामाला जाताना उभा, शेडमध्ये जाताना आडवा. पाईप गाडीवरच राहतो, हरवत नाही, कोपऱ्यात पडत नाही. आडवा असतानाही इंजिन चालतं आणि धूर पुढच्या दिशेला सुटतो. समजा आबा सकाळी उभा करायला विसरले, तरी धूर सरळ तोंडावर सुटणार नाही.

भूमितीचा इतका सरळ आणि उपयोगी वापर मी क्वचितच पाहिला आहे.

दुपारी १.१५

भाकरी, वांग्याची भाजी, खर्डा. मेस्त्री जेवताना बोलत नाहीत.

दुपारी २

पाईप आणायला पोरगा भंगाराच्या दुकानात जाणार होता. मेस्त्रींनी बजावलं, "जीआय आणू नगो. काळाच आण." जीआय पाईपावर जस्ताचा थर असतो. तो वेल्डिंगमध्ये जळून पांढरा धूर होतो, आणि तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डरांना तो ताप चांगला माहीत असतो. काही जण त्याला रोजचंच समजून सोडून देतात. मेस्त्री सोडत नाहीत. जुन्या पाईपाच्या मापाचाच, साधारण दोन इंची, बाहेरचा व्यास ६० मिलिमीटर असा काळा पाईप आला. माप कमी करायचं नाही, कारण एक्झॉस्ट आवळला की इंजिनचा श्वास कोंडतो, काळा धूर सुटतो, डिझेल वाढतं, हेड तापतं.

काप मारायच्या आधी कागद. पंचेचाळीस अंशाच्या कापात पाईपाची लांब बाजू आणि आखूड बाजू यांत बरोबर व्यासाइतका, म्हणजे ६० मिलिमीटरचा फरक येतो. पाईपाचा घेर साधारण १८८ मिलिमीटर. पोरानं तेवढी कागदाची पट्टी कापली, तिचे बारा भाग पाडले, प्रत्येक भागावर उंचीची खूण केली आणि खुणा जोडल्या तशी एक लाट उमटली. पट्टी पाईपाला गुंडाळली, लाटेच्या कडेनं खडूची रेघ ओढली, आणि पट्टी काढल्यावर गोल पाईपावर तिरका काप तयार. आयटीआयमध्ये हे वहीत काढायला लावतात. इथं वहीतलं चित्र लोखंडावर उतरलं, आणि ते बघताना पोराच्या चेहऱ्यावर जी चमक होती ती खरी होती.

हॅकसॉनं कापला, कानसीनं तोंड सपाट केलं, काचेवर ठेवून उजेड दिसतो का ते बघितलं. सहा मिलिमीटरच्या प्लेटमधून दोन लंबगोल फ्लँज. खालच्या फ्लँजला दोन स्टड, एक या टोकाला, एक त्या टोकाला, मध्यापासून अगदी सारख्या अंतरावर. ते अंतर एका केसानं चुकलं, तर फ्लँज एका बाजूनं बसेल, फिरवल्यावर बसणार नाही. मेस्त्रींनी हे माप तीनदा तपासलं.

नट पितळी. लोखंडी स्टडवर लोखंडी नट तापून-गंजून धरतो, हे सकाळीच बघितलं होतं. पितळी नट धरत नाही. नटांना साखळी जोडली, कारण रानात नट पडला की मिळत नाही. वरच्या तुकड्याला बाजूनं लोखंडी दांडा आणि त्यावर बाभळीची मूठ, म्हणजे संध्याकाळी तापलेला पाईप हातानं फिरवता येईल. फिरत्या जोडात पॅकिंग घातलं नाही. तिथून थोडा धूर फुटला तरी उघड्या हवेत जातो. मॅनिफोल्डवर मात्र नवं पॅकिंग, आणि तिथं जराही गळती चालणार नाही, कारण बॉनेटखालीच डिझेलची टाकी आहे.

दुपारी ४

वेल्डिंग आधी टाक्यांनी, चार ठिकाणी, समोरासमोर. एका बाजूनं सलग वेल्डिंग केलं की फ्लँज ताणून वाकतो आणि दोन तोंडं मिळत नाहीत. टाके मारले, वरचा तुकडा चढवला, उभा बघितला, फिरवून आडवा बघितला, मगच पूर्ण वेल्ड. थंड झाल्यावर परत कानस. सायलेन्सरच्या अंगाला एक आधाराची पट्टी इंजिनच्या ब्लॉकवरच्या बोल्टपर्यंत नेली, म्हणजे वरचं वाढलेलं वजन मॅनिफोल्डच्या तीन स्टडांवर येणार नाही. वरच्या टोकाला पत्र्याची टोपी, बिजागरीची. इंजिन चालू झालं की धुराच्या दाबानं उघडते, बंद झालं की पडते. तेलाच्या डब्याचं काम आता ही करील.

सुरू करून बघितला. पहिल्या मिनिटात नव्या वेल्डवरचं तेल जळून पांढरा धूर, मग साफ. मॅनिफोल्डच्या कडेनं मेस्त्रींनी पेटती उदबत्ती फिरवली. धुराची रेघ कुठंही वाकडी झाली नाही. गळती नाही. आवाजही पूर्वीसारखाच, कारण सायलेन्सरच्या पोटाला हातच लावला नव्हता.

आडव्या जागेत सगळ्यात उंच बिंदू पाच फूट दहा इंच. रिव्हर्सचे दोन इंच धरले तरी सहा फूट. लिंटलखाली सहा इंच हवा.

संध्याकाळी ५.४५, पुन्हा चिखली

परतीच्या वाटेवर मेस्त्रींनी एका टायरच्या दुकानातून फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या घेतल्या. आबांना वाटलं कशाला. दारापुढं सहा फुटांवर दोन बांबू रोवले, त्यांच्यावर आडवी दोरी ताणली आणि तिला या रबरी पट्ट्या लोंबत सोडल्या. त्यांची खालची टोकं रस्त्यावरून बरोबर पाच फूट सहा इंचांवर. रेल्वे फाटकाच्या अलीकडं उंचीचा लोखंडी गज असतो ना, तसंच हे. तिथं बसलेल्याच्या मानेला, खांद्याला पट्टी लागते. पट्टी लागली की मान आपोआप खाली जाते, आणि लिंटल यायच्या आधी माणूस सावध होतो. लिंटलच्या कडेला पिवळा ऑइलपेंटही मारला.

"रिव्हर्स कशाला घालायचा मग?" आबांनी विचारलं. "तोंडानं घातला तर निदान समोर तरी दिसतंय."

इथं दोघांचं थोडं वाजलं. आबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मेस्त्रींची बाजू अशी: तोंडानं आत घातला तर आडव्या पाईपाचं तोंड शेडच्या भिंतीकडं, सगळा धूर आत कोंडणार, आणि बंद शेडमध्ये डिझेलचा धूर माणसाला चक्कर आणतो. सकाळी बाहेर काढताना रिव्हर्स, तेही थेट रस्त्यावर, शाळेला निघालेल्या पोरांत. रिव्हर्सनं आत घातला तर पाईपाचं तोंड दाराकडं, धूर बाहेर, आणि सकाळी समोर बघून बाहेर. धोका दोन्हीकडं आहे, पण संध्याकाळी आत घालताना एक माणूस मागं उभा करता येतो. सकाळी रस्त्यावर कोण कोण येईल ते आपल्या हातात नाही.

आबा थोडा वेळ गप्प राहिले, मग नातवाला हाक मारली. "ये रं, मागं हुबा ऱ्हा. हात वर केलास की मी थांबणार."

संध्याकाळी ६.२०

इंजिन चालूच ठेवून आबा खाली उतरले. नट काढले, बाभळीची मूठ धरून पाईप उचलला, अर्धा वळसा फिरवला, बसवला, नट आवळले. पहिल्यांदा करताना हात थोडा थरथरला. मग पहिला गिअर रिव्हर्सचा, ॲक्सिलेटर नाहीच, नुसत्या आयडलवर. मागची चाकं उताराच्या तोंडाशी आली. रबरी पट्टी आधी खांद्याला, मग कानाला लागली, आबांची मान खाली गेली, चाकं उतारावरून उंबऱ्यावर आली आणि डोकं लिंटलखालून तीन बोटांच्या अंतरानं आत गेलं. पुढची चाकं उतारावर आली तेव्हा पाईप लिंटलच्या खाली होता. मेस्त्री हातात टेप घेऊन बाजूला वाकून बघत होते. साडेसहा इंच. दुपारच्या हिशेबापेक्षा अर्धा इंच जास्त, कारण मागच्या टायरमध्ये हवा कमी होती. त्यांनी ती लगेच भरायला सांगितली, आणि भरल्यावर परत मोजलं.

पावसाळा लागल्यापासून पहिल्यांदाच ट्रॅक्टर आत घेऊन शटर खाली आलं.

संध्याकाळी ७

पैशाचा हिशेब पाच मिनिटांत झाला. सूचनांना जास्त वेळ लागला. मॅनिफोल्डचे तिन्ही नट उद्या इंजिन एकदा पूर्ण तापून थंड झाल्यावर परत आवळायचे, कारण नवं पॅकिंग पहिल्या तापण्यात दबतं आणि नट सैल होतात. फिरत्या जोडाच्या दोन तोंडांवरची काजळी आठवड्यातून एकदा कापडानं पुसायची, साचली तर फ्लँज नीट बसणार नाही. पितळी नटांना तेल लावायचं नाही, तापून ते चिकट होतं. ग्रॅफाइट मिळालं तर थोडं. आणि वर्षभरात रस्त्याचं आणखी एक अस्तर आलंच, तर आधी मेस्त्रींना फोन करायचा, मग गवंड्याला.

तेवढ्यात शेजारच्या परड्यातला माणूस कुंपणाशी आला. त्याचा ट्रॅक्टर महिंद्राचा, शेड आबांच्यापेक्षाही जुनी, दार म्हणे आणखी खाली. मेस्त्रींनी खिशातला खडू काढला. "सायलेन्सर नंतर बघूया. दारापुढचा उतार किती फुटांचा हाय ते आधी सांगा."